पुढे एलएलबी करायचं आहे, तर बारावीनंतर कोणती पदवी आणि कोणतं कॉलेज? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की पुढचा महिनाभर माझ्या ऑफिसात संध्याकाळी पक्षकारांपेक्षा मुलं आणि त्यांचे आईवडील जास्त असतात. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. तालुक्याच्या कॉलेजातून अर्थशास्त्र घेऊन बीए केलं आणि मग एलएलबी. त्यामुळे हा रस्ता मला पायाखालचा आहे. जे प्रश्न दरवर्षी येतात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. ती मुख्यतः महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत.

वकीलच व्हायचं आहे, तर बारावीनंतर थेट पाच वर्षांचा कोर्स का करू नये?

जरूर करा, तुमचं खरोखर ठरलं असेल तर. बीए एलएलबी किंवा बीबीए एलएलबी पाच वर्षांत होतं, पदवी आणि नंतर एलएलबी या मार्गाला सहा वर्षं लागतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचं असेल, मग ते मुंबईचं असो, नागपूरचं असो की छत्रपती संभाजीनगरचं, तर पाच वर्षांचा कोर्स आणि त्यासाठीची क्लॅट परीक्षा हाच मुख्य दरवाजा आहे. मोठ्या लॉ फर्म नोकरीला मुलं घ्यायला आधी तिथेच जातात, हेही खरं. पण त्या विद्यापीठांची फी वर्षाला लाखांत जाते, आणि क्लॅटचा पेपर इंग्रजीतच असतो.

सतराव्या वर्षी सगळ्यांचंच ठरलेलं नसतं. कोणाला वकिली करायची असते, कोणाला एमपीएससी, आणि कोणाच्या वडिलांना वाटतं म्हणून कायदा. अशा मुलाने आधी साधी पदवी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तीन वर्षांनी मन बदललं तर हातात एक पूर्ण पदवी असते. पाच वर्षांच्या कोर्समधून तिसऱ्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांचे हाल मी पाहिले आहेत. सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, बाबतीत दोन्ही मार्ग सारखेच. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली मिळणारी सनद एकच असते, आणि न्यायाधीश कधी विचारत नाहीत की तुम्ही तीन वर्षांचे वकील की पाच वर्षांचे.

एलएलबीच्या प्रवेशात पदवीचं कॉलेज किंवा विद्यापीठ बघतात का?

नाही. हे सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएलबीचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीवर होतात. गुणवत्ता यादी लागते ती सीईटीच्या गुणांवर. तुमच्या बीएला ५२ टक्के आहेत की ८२, याचा उपयोग मुख्यतः तुम्ही पात्र आहात की नाही हे ठरवण्यापुरता. म्हणजे फर्ग्युसनमधून ८० टक्के घेऊन आलेला मुलगा आणि भूमच्या किंवा जतच्या कॉलेजातून ५५ टक्के घेऊन आलेली मुलगी, दोघं एकाच रेषेवर उभे राहतात. सीईटीत तिला दोन गुण जास्त पडले, तर पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजची किंवा मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाची जागा आधी तिला मिळते.

ही परीक्षा संगणकावर होते, प्रश्न मराठीतही दिलेले असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कायद्याचा कल, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तार्किक विचार आणि इंग्रजी, हे तिचे विभाग. प्रश्नांची संख्या आणि विभागवार गुण मधल्या काळात बदलले आहेत, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका काढूनच तयारीला लागा. जुन्या गाईडवर विसंबू नका.

तर मुलाला पदवीसाठीच पुण्यात ठेवलं नाही तर पुढे चांगलं लॉ कॉलेज मिळणार नाही, या भीतीने कर्ज काढणाऱ्या पालकांना हात जोडून सांगतो: ही भीती खोटी आहे. ते पैसे एलएलबीच्या तीन वर्षांसाठी आणि त्यानंतरच्या ज्युनिअरशिपसाठी, म्हणजे सीनिअर वकिलाच्या हाताखाली शिकण्याच्या काळासाठी, राखून ठेवा. खरी ओढाताण तेव्हा होते.

म्हणजे नावाजलेल्या कॉलेजला काहीच अर्थ नाही?

प्रवेशापुरता नाही, घडणीपुरता आहे. चांगल्या कॉलेजात वाचणारी, भांडणारी, वादविवादाला उभी राहणारी मुलं भोवती असतात. ग्रंथालय मोठं असतं. घरची परिस्थिती असेल आणि तिथे आवडीचा विषय मिळत असेल, तर मुंबईच्या रुईया-झेवियर्सला, पुण्याच्या फर्ग्युसन-एसपीला किंवा सांगलीच्या विलिंग्डनला जाण्यात फायदाच आहे. पण शहरातलं पाचव्या पसंतीचं कॉलेज, भाड्याची खोली, मेसचं जेवण आणि वर्गात शिक्षकच नाहीत, असं असेल तर घरापासून एसटीच्या पासवर जाता येईल असं कॉलेज कितीतरी बरं.

साताऱ्यात जन्मलेले पी. बी. गजेंद्रगडकर डेक्कन कॉलेजात शिकले, आयएलएसमधून एलएलबी झाले आणि १९६४ साली सरन्यायाधीश झाले. शरद बोबडे नागपूरचे. पदवी आणि एलएलबी दोन्ही नागपूर विद्यापीठातून घेतली, १९७८ साली वकिली सुरू केली आणि २०१९ साली सरन्यायाधीश झाले. पदवीसाठी गाव सोडावंच लागतं, असं बोबड्यांकडे बघून तरी दिसत नाही.

कोणत्या शाखेची पदवी घ्यावी? राज्यशास्त्रच घ्यावं लागतं का?

कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची, कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीए, बीकॉम, बीएससी, बीई, बीफार्म, बीएससी ॲग्री, काहीही. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन बीए केलं आणि १८७९ साली एलएलबी. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले, बॅरिस्टर नंतर झाले, आणि १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांचं अर्थशास्त्र वकिलीच्या कधी आड आलं नाही.

चालतं सगळंच, पण प्रत्येक शाखा पुढे वेगळ्या दारापाशी नेऊन सोडते.

राज्यशास्त्र किंवा इतिहास घेतलं तर संविधानाची भाषा कानावर आधीच पडलेली असते. एलएलबीच्या पहिल्या वर्षाला त्याची मदत होते, पण ती सहा महिन्यांची. तेवढ्यासाठी न आवडणारा विषय तीन वर्षं ओढू नका. अर्थशास्त्रामुळे मला आकड्यांची भीती उरली नाही. भूसंपादनाच्या दाव्यात मोबदल्याची गणितं मांडताना आजही ते उपयोगी पडतं. इंग्रजी किंवा मराठी साहित्य घेणाऱ्यांना लोक विचारतात, याचा कोर्टात काय उपयोग? उपयोग फार मोठा आहे. वकिली म्हणजे शेवटी वाचणं आणि लिहिणं. दाव्याचा मसुदा लिहिताना एका वाक्यात एकच गोष्ट सांगता येणं, हे ज्याला जमतं त्याचं काम निम्मं झालेलं असतं.

बीकॉम करणाऱ्याला आयकर, जीएसटी, कंपनी कायदा आणि बँकेच्या वसुलीच्या केसेस यांत सरळ वाट आहे. ताळेबंद वाचता येणारे वकील जिल्ह्याच्या ठिकाणी कमीच असतात. सीएस (कंपनी सेक्रेटरी) करायचं मनात असेल तर बीकॉम आणि त्यानंतर एलएलबी हा संगम फार उपयोगी आहे.

विज्ञान शाखेबद्दल एक गोष्ट मुलांना उशिरा कळते आणि मग हळहळ होते. पेटंट एजंट म्हणून नोंदणी करायची असेल तर १९७० च्या पेटंट कायद्यानुसार विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते आणि पेटंट एजंटची परीक्षा द्यावी लागते. बीए एलएलबी झालेल्या वकिलाला ती नोंदणी मिळत नाही. म्हणून ज्याला केमिस्ट्री किंवा इलेक्ट्रॉनिक्स आवडतं त्याने ते सोडून आर्ट्सकडे येण्याची घाई करू नये. आयआयटी खरगपूरमध्ये तर इंजिनिअरिंग व विज्ञानाकडून आलेल्यांसाठी बौद्धिक संपदा कायद्यावर भर देणारी तीन वर्षांची एलएलबी आहे.

बीएससी ॲग्री केलेली मुलं माझ्याकडे 'आता वकिली म्हणजे शिक्षण वाया गेलं' असं म्हणत येतात. मी त्यांना सांगतो, सातबारा, फेरफार, वाटप आणि पाणी यांवरून आपल्याकडे जेवढं भांडण होतं तेवढं कशावरून होत नाही. पीक, माती, ठिबक आणि बांध समजणारा वकील शेतकऱ्याला परका वाटत नाही. तहसीलदारापुढच्या आणि प्रांतापुढच्या सुनावणीत त्याचं वजन पडतं.

तुम्ही कोणता विषय स्वतःहून, कोणी न सांगता वाचता? तोच घ्या.

कॉलेज बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

इमारत बघू नका. ग्रंथालयात जा आणि दुपारी बारा वाजता तिथे किती मुलं बसली आहेत ते मोजा. तुमच्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहेत की तासिका तत्त्वावरचे, ते विचारा. तासिका तत्त्वावर शिकवणारे अनेक जण जीव तोडून शिकवतात, त्यांचा दोष नाही. पण वर्षाच्या मध्येच शिक्षक बदलला तर मुलांचं नुकसान होतं. तास खरोखर होतात का, हे प्राचार्यांना न विचारता एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, मुलांना कॅन्टीनमध्ये विचारा. वक्तृत्व किंवा वादविवाद स्पर्धांना कॉलेज मुलं पाठवतं का, जाण्यायेण्याचा खर्च देतं का, हेही विचारा. पहिल्यांदा माईकसमोर माझे पाय लटपटले ते एसवायला, एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत. कोर्टात पहिल्यांदा उभं राहायची वेळ आली तेव्हा ती लटपट आधीच ओसरलेली होती.

स्वायत्त कॉलेज असेल तर निकाल वेळेवर लागतात का ते बघा. याचं कारण पुढच्या एका प्रश्नात आहे.

माझं सगळं शिक्षण मराठीतून झालं आहे. वकिली जमेल का? पदवी इंग्रजी माध्यमातून घ्यावी का?

जमेल. आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. साक्षीपुरावे मराठीत होतात, पक्षकार मराठीत बोलतो, सातबारा आणि खरेदीखत मराठीत असतं. राज्यातल्या अनेक विद्यापीठांत एलएलबीची उत्तरंही मराठीत लिहिता येतात. ज्याला चांगलं, नेमकं मराठी लिहिता येतं तो वकील खालच्या कोर्टात कमी पडत नाही. उलट इंग्रजी शाळेतून आलेले आमचे ज्युनिअर जुनं खरेदीखत वाचताना अडखळतात, 'चतुःसीमा' म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागतं.

पण इंग्रजी टाळता येत नाही. उच्च न्यायालयाचं आणि सर्वोच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, निवाडे इंग्रजीत असतात आणि सीईटीत इंग्रजीचा विभाग आहे. म्हणून माध्यम बदलण्याची धडपड करण्यापेक्षा पदवीची तीन वर्षं रोज एक तास इंग्रजी वाचायला द्या. वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचायचा आणि त्याचा मराठीत चार ओळींचा सारांश वहीत लिहायचा. मी हेच केलं. पहिल्या वर्षी अर्धे शब्द कळत नव्हते, तिसऱ्या वर्षी शब्दकोश क्वचितच उघडावा लागायचा.

मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का?

बहुतेकांना चालते, काहींना चालत नाही. आणि ज्यांना चालत नाही त्यांना ते फार उशिरा कळतं. म्हणून हे नीट वाचा.

बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या शिखर संस्थेचे २००८ चे विधी शिक्षण नियम सांगतात की बारावी किंवा पदवी दूरशिक्षणाने, पत्राद्वारे घेतली असली तरी विद्यार्थी पात्र धरला जाईल. म्हणजे तुम्ही दहावी, बारावी रीतसर पास झालात आणि मग नोकरी सांभाळून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बीए किंवा बीकॉम केलंत, तर अडचण नाही.

अडचण आहे ती पायाभूत शिक्षण नसताना थेट मुक्त विद्यापीठाच्या पदवीला प्रवेश घेतलेल्यांना. आपल्याकडे बारावी न झालेल्यांसाठी मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम आहे. तो करून पदवीला बसता येतं, आणि ती पदवी इतर अनेक ठिकाणी चालतेही. पण वरच्याच नियमात स्पष्टीकरण आहे की मूलभूत पात्रता नसताना मुक्त पद्धतीने थेट पदवी घेतलेले उमेदवार विधी शिक्षणासाठी पात्र नाहीत. एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. एसटीत वाहक, वय चाळीसच्या पुढे, पदवीला ६८ टक्के. बारावी नव्हती. त्यांची पदवीची गुणपत्रिका टेबलावर ठेवून हे सांगताना मला फार जड गेलं.

तुमच्या ओळखीत कोणी पूर्वतयारीच्या वाटेने जात असेल आणि त्याच्या मनात पुढे वकिली असेल, तर त्याला आधी बारावी करायला सांगा. खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसता येतं. दोन वर्षं जास्त जातील, पण दार उघडं राहील.

एलएलबी मात्र दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन करता येत नाही. कोणी तशी जाहिरात केली तर पैसे भरू नका, त्या पदवीवर सनद मिळणार नाही.

पदवीला किती टक्के लागतात?

खुल्या प्रवर्गाला ४५, इतर मागास प्रवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी खुल्या प्रवर्गाला ५० लागतात. ४४.९ म्हणजे ४५ असं धरून चालू नका.

हल्ली गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी सीजीपीए असतो. तुमच्या विद्यापीठाचं टक्क्यांत रूपांतर करण्याचं जे सूत्र आहे त्याचं प्रमाणपत्र टीवायचा निकाल लागताच काढून घ्या. नेटवरच्या कोणत्याही सूत्राने आकडा काढून अर्जात भरू नका, पडताळणीत अर्ज अडकतो.

नवीन शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची ऑनर्स पदवी घ्यावी का?

एलएलबीसाठी गरज नाही. तीन वर्षांनी बाहेर पडलात तरी पदवी मिळते आणि ती पुरते. संशोधनाकडे किंवा परदेशी शिक्षणाकडे ओढा असेल तरच चौथ्या वर्षाचा विचार करा.

शेवटच्या वर्षात असताना सीईटी देता येते का? केटी (नापास झालेला पेपर) राहिली तर?

शेवटच्या वर्षाला बसलेले विद्यार्थी सीईटी देऊ शकतात. प्रवेशाच्या वेळी मात्र पदवी पास झाल्याची गुणपत्रिका हातात लागते, आणि मुलं घसरतात ती इथेच. सीईटीत चांगले गुण असतात, पण एसवायच्या एका पेपरची केटी लटकलेली असते. कधी विद्यापीठाचा निकालच लागलेला नसतो. २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याच्या घोळात मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन्‌महिने रखडले होते, तेव्हा पुढच्या प्रवेशांसाठी मुलांनी काय काय सोसलं ते अनेकांना आठवत असेल.

निकाल तुमच्या हातात नाही, केटी आहे. पाचव्या सेमिस्टरच्या आत मागचे सगळे पेपर काढून टाका. आणि म्हणूनच कॉलेज निवडताना निकाल वेळेवर लागतात का हे विचारायला सांगितलं.

कोणती कागदपत्रं आधीपासून काढून ठेवावीत?

अधिवासाचा दाखला, नाव बदललं असेल तर राजपत्र, शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. ही आठवड्या-दोन आठवड्यांची कामं.

जात वैधता प्रमाणपत्राला मात्र वेळ लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले, गाव नमुने, जुन्या नोंदी शोधाव्या लागतात, समितीकडे प्रकरण चालतं. पदवीच्या तीन वर्षांत मुलं या कामाला हात लावत नाहीत आणि सीईटीचा निकाल लागल्यावर धावपळ करतात. एफवायला असतानाच अर्ज करा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत प्रवेशाच्या वर्षात चालू आहे ना, तेही तपासा.

हे मिळवण्याचं फळ मोठं आहे. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्त्या आणि शुल्क सवलती याच कागदांवर चालतात. ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे आणि ज्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास प्रवर्गातल्या आहेत, त्यांना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. घाबरून व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तर ही सवलत हातची जाते.

पदवी दुसऱ्या राज्यातून घेतली तर?

चालते. पण महाराष्ट्रातल्या प्रवेशप्रक्रियेत उमेदवारीचे प्रकार असतात. तुमचा अधिवास कुठला, पात्रता परीक्षा कुठून पास झालात, आईवडील कुठे नोकरीला आहेत, यांवरून तुम्ही राज्यातले की राज्याबाहेरचे हे ठरतं. बेळगाव, इंदूर, हैदराबादकडच्या मराठी कुटुंबांनी माहितीपुस्तिकेतलं हे प्रकरण पदवीला प्रवेश घेण्याआधीच वाचावं.

उलट, इथून पदवी घेऊन बाहेर जायचं असेल तर दिल्ली विद्यापीठाची आणि बनारस हिंदू विद्यापीठाची तीन वर्षांची एलएलबी आहे, दोन्हीकडे सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या परीक्षेतून प्रवेश होतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी शाळेने २०२२ पासून तीन वर्षांची एलएलबी सुरू केली, तिची प्रवेशपरीक्षा वेगळी आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठ बारावीला हुकलं म्हणून खंत करणाऱ्यांनी या शेवटच्या पर्यायाकडे नीट बघावं.

गोव्यातल्या विद्यार्थ्यांचं काय?

पणजीजवळ मिरामारला साळगावकर आणि मडगावला कारे, ही दोन्ही कायद्याची कॉलेजं गोवा विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथे महाराष्ट्राची सीईटी लागत नाही. सनद मात्र दोन्ही राज्यांची एकच बार कौन्सिल देते. वकिली गोव्यातच करायची असेल तर एलएलबीसुद्धा तिथेच करा, असं मी म्हणेन. मालमत्ता, वारसा आणि विवाह यांबाबत तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा चालतो. लग्न होताच पतिपत्नीची मालमत्ता सामायिक होण्याची कल्पना आपल्याकडच्या वकिलाला नवीच वाटते.

न्यायाधीश व्हायचं आहे. त्यासाठी वेगळी पदवी निवडावी का?

वेगळी नको. पण वेळेचा हिशेब बदलला आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तरावरच्या न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणजे पदवीची तीन, एलएलबीची तीन आणि वकिलीची तीन. एलएलबी संपताच न्यायाधीश, हे गणित घरच्यांना सांगू नका. मुलीच्या लग्नाची घाई करणाऱ्या घरांत हा हिशेब आधीच मोकळेपणाने बोलून ठेवलेला बरा. चांगल्या, हुशार मुलींनी सातव्या वर्षी माघार घेतलेली मी पाहिली आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पदवीच्या तीन वर्षांत कायद्याची काय तयारी करावी?

संविधान वाचा. मराठीत सहज मिळतं. पहिल्या फेरीत सगळं कळणार नाही. मूलभूत हक्कांचा भाग ३ आणि मार्गदर्शक तत्त्वांचा भाग ४ दोनदा वाचा. जुन्या बाजारातून फौजदारी कायद्याची पुस्तकं घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, कलमांचे आकडे सगळे बदलले.

एकदा तरी कोर्टात येऊन बसा. सुनावणी उघड्या न्यायालयात होते, मागच्या बाकावर कुणालाही बसता येतं. मोबाइल बंद ठेवा आणि न्यायाधीश आल्यावर उभे राहा, बास. एक उलटतपासणी पूर्ण बघितलीत तर ही वाट तुमची आहे की नाही याचा बराच अंदाज येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांचं कामकाज २०२२ पासून थेट दिसतं, तेही बघा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरा लीगल व्हॉलंटिअर म्हणून काम करता येतं. लोकअदालतीच्या दिवशी तिथे उभं राहिलं की कागदावरचा कायदा आणि रांगेतला माणूस एकाच वेळी दिसतो.

एलएलबी करताना नोकरी करता येईल का? मग पदवी लवकर उरकून नोकरी धरू का?

एलएलबीला प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते आणि वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घेता येतात. रात्रीचं लॉ कॉलेज आता नाही. सकाळची तुकडी असलेलं कॉलेज आणि दुपारची अर्धवेळ नोकरी, असं जमवणारे आहेत. पूर्णवेळ नोकरी आणि पूर्ण हजेरी दोन्ही दाखवणाऱ्या एजंटांपासून लांब राहा. एलएलबीबरोबर दुसरी नियमित पदवीही करता येत नाही; दूरशिक्षणाने एमए केलं तर चालतं. वयाची मात्र काळजी नको. सीईटीला कमाल वयाची अट नाही, चाळिशीतले वर्गमित्र मलाही होते.

अमेरिकेत जाऊन कायदा शिकायचा असेल तर?

तिथे बारावीनंतर थेट कायदा नसतोच. आधी कोणत्याही विषयातली पदवी, मग तीन वर्षांची जेडी ही कायद्याची पदवी. तिथली लॉ स्कूल्स पदवीचे गुण आणि एलसॅटसारख्या परीक्षेचे गुण दोन्ही तोलतात, त्यामुळे इथल्यासारखं 'पात्र झालो की पुरे' म्हणून चालत नाही. पहिल्या सेमिस्टरपासून गुण सांभाळावे लागतात. भारतात वकिली करायची असेल तर मात्र इथेच एलएलबी करा. परदेशी पदवीवर सनद घ्यायला वेगळी मान्यता आणि वेगळी परीक्षा लागते.

घरात कोणीच वकील नाही. पदवीवर आणि एलएलबीवर सहा वर्षं घालवून पुढे उभं राहता येईल का?

माझ्या घरातही नव्हतं. वडील गिरणीत तोलाईचं काम करायचे. एलएलबीनंतर सनद घ्यावी लागते. पूर्वी नोंदणीच्या नावाखाली वेगवेगळी राज्यं हजारो रुपये घ्यायची. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला चाप लावला आणि आता खुल्या प्रवर्गाला ७५०, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, एवढंच शुल्क घेता येतं. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. ती पास झालात की पूर्ण वकील.

पहिली दोन-तीन वर्षं सीनिअर जे देतील त्यात खोलीभाडं निघणं कठीण असतं, हे लपवत नाही. म्हणूनच पदवीसाठी घराजवळ राहा आणि पैसे वाचवा असं सांगतो. आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत आपल्याच तालुक्याच्या बार रूममध्ये जा. एखाद्या सीनिअर वकिलांना सांगा, 'साहेब, मला पुढे एलएलबी करायचं आहे, महिनाभर तुमच्या फायली उचलू का?' माझ्या सीनिअरांना मी हेच विचारलं होतं. त्यांनी वर न बघता एक फाइल पुढे सरकवली आणि म्हणाले, 'हिच्यातल्या तारखा क्रमाने लावून दे.'